एक काडी पचौली

मराठी माणूस अत्तर लावत नाही. त्याला ते लावलं जातं. कार्यालयात तो आपला खुर्चीवर बसून उरलेल्या अक्षतांचं काय करावं या विवंचनेत असतो. तेवढ्यात यजमानांच्या घरातली एखादी परकरातली मुलगी चांदीची अत्तरदाणी सांभाळत समोर येऊन उभी राहते. काही न बोलता हात पुढे करायचा, तोही पालथा, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं, पण येतं. मुलगी काडी अत्तरात बुडवते, कडेला निपटते, पुन्हा एकदा निपटते आणि मग हाताला टेकवल्यासारखं करते. मागोमाग गुलाबदाणी येते आणि चष्म्यावर चार थेंब पडतात. चष्मा पुसून होईतो हातावर पेढा आलेला असतो. पेढा तोंडाशी नेताना अत्तराचा जो काही अंश नाकाशी पोचतो, तेवढ्यावरून यजमानांची ऐपत, आवड आणि व्याह्यांशी असलेले संबंध यांचा अंदाज बांधायचा असतो.

एका बुडवणीत अख्खी रांग काढणाऱ्या या काटकसरीला हसण्याचा रिवाज आहे. माझं म्हणणं मात्र असं, की सुगंधाचं सगळं शास्त्र त्या दोनदा निपटलेल्या काडीत आहे. हे म्हणणं शाबीत करायला मला पचौलीइतका चांगला साक्षीदार माहीत नाही आणि तिची साक्ष काढायला बनारसइतकी चांगली जागा नाही.

पचौलीला आपण सगळ्यांनी हुंगलेलं आहे, फक्त ओळख करून दिलेली नाही. अगरबत्तीच्या पुड्यात ती असते, साबणाच्या वडीत असते, जर्द्याच्या डबीत असते आणि विमानतळावर काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेल्या परदेशी बाटल्यांतही असते. झाड म्हणाल तर कमरेएवढं झुडूप, पानं रुंद, दातेरी, अंगावर लव. शास्त्रीय नाव पोगोस्टेमॉन कॅब्लिन. मूळ आग्नेय आशियातली. फिलिपाइन्समधले स्पॅनिश धर्मोपदेशक फ्रान्सिस्को मान्वेल ब्लांको यांनी १८३७ साली हिची नोंद केली, तीही पुदिन्याच्या जातीत. त्यांचं फारसं चुकलं नव्हतं, कारण कुळ तेच. तुळस, सब्जा, पुदिना, मरवा ही सगळी हिची भावंडं. आपल्याकडे मरवा-दवण्याबरोबर पाच नावाचं सुगंधी पान वेणीत माळतात, तीही याच घराण्यातली. म्हणजे घराणं विष्णूच्या चरणाशी पोचलेलं. पुढे हिची जी बदनामी झाली ती संगतीपायी. कुळाला बोल लावता येणार नाही.

या पानाचा स्वभाव जरा आतल्या गाठीचा आहे. मोगरा झाडावरच सगळं सांगून टाकतो. पचौलीचं हिरवं पान नुसतं हुंगलं तर फारसं काही कळत नाही. तेल पानाच्या आत, पेशींमध्ये दडलेलं असतं. ते मिळवायचं तर पानं कापून सावलीत वाळवायची, ढीग घालून थोडी आंबू द्यायची आणि मग वाफेवर तासन् तास ऊर्ध्वपातन करायचं. इंडोनेशियातल्या खेड्यांत हे काम पिढ्यान् पिढ्या चालतं आणि जगातलं बहुतेक पचौली तेल तिथूनच येतं. लोखंडी भांड्यात काढलेलं तेल काळपट निघतं, स्टीलच्या भांड्यात काढलेलं फिकट पिवळं. ताज्या तेलाला एक हिरवा, बोचरा दर्प असतो. ते मुरलं की त्याची धार जाते आणि ते गोल, मऊ होतं. बहुतेक सुगंधी तेलं जुनी झाली की खवट होतात, हे सुधारतं.

आता बनारस. या गावात मापात काहीच नसतं. ठंडाईत भांग, लस्सीवर मलई, कचौडीबरोबर जिलबी, दारात बैल, गल्लीत माणसं आणि घाटावर देव, सगळंच भरपूर. थंडीच्या दिवसांत दुधाचा फेस कुल्हडात भरून ‘मलइयो’ नावाने विकतात. जगात फेससुद्धा इतका उदार असू शकतो हे तिथे कळतं. वासांचं तर विचारूच नका. पहाटे तुपाचा आणि कापराचा, मग शेणाचा, मग तळणाचा, दुपारी गंगेच्या गाळाचा, संध्याकाळी झेंडूचा आणि उदाचा. मणिकर्णिकेचा धूर चोवीस तास. अशा गर्दीत गुलाबासारख्या मवाळ वासाचा टिकाव कसा लागणार? तरी इथले रसिक हट्टी. चैत्र लागला की गुलाबबाडीच्या मैफिली भरतात, पांढऱ्या-गुलाबी कपड्यांत लोक जमतात, चैती ऐकतात आणि गुलाबाच्या पाकळ्या उधळतात. गुलाब पूर्वीपासून जवळच्या गाझीपूरचा नावाजलेला आणि अत्तर कन्नौजचं.

चौकातून ठठेरी बाजाराकडे आत शिरलं, की पितळेची भांडी, साड्यांच्या गाद्या आणि मिठाईची दुकानं यांच्यामध्ये एखादं अत्तराचं दुकान भेटतं. तीन माणसं बसली की भरतं असं. भिंतभर कुप्या, मध्ये गादी, गादीवर मालक. तुम्ही कोण, कुठले हे तो विचारत नाही. कुठल्या मोसमासाठी हवं ते विचारतो. उन्हाळा असेल तर खस, गुलाब, केवडा किंवा मिट्टी. थंडी असेल तर हिना किंवा शमामा. खस म्हणजे आपला वाळा. मिट्टी म्हणजे भाजलेल्या मातीचा अर्क, पहिल्या पावसाचा वास कुपीत बंद केलेला. कन्नौजला हे सगळं अजून देग-भपक्याने काढतात. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी, वर मातीने लिंपलेलं झाकण, बांबूची नळी आणि पाण्यात बसवलेला भपका, ज्यात चंदनाचं तेल वाट पाहत असतं. वाफेबरोबर आलेला फुलांचा जीव त्या चंदनात उतरतो. उन्हात फूल, देगेत पाणी आणि भपक्यात चंदन, असा हा तीन मुक्कामांचा प्रवास. कन्नौजच्या या अत्तराला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

‘पचौली है?’ असं विचारल्यावर मालकाने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

‘है तो। पर अकेली पचौली कौन लगाता है, साहब? यह तो नीचे का माल है।’

नीचे का माल! हलका माल या अर्थाने नव्हे, तर तळाला बसणारा माल या अर्थाने. पॅरिसच्या सुगंधशाळेत सुगंधाचे वरचा, मधला आणि तळाचा असे तीन थर शिकवायला जे वर्ग घेतात, ते गादीवर मांडी घालून बसलेल्या या गृहस्थाने एका वाक्यात आटोपलं होतं.

त्याचं कारण रसायनात आहे आणि ते साधं आहे. लिंबाच्या सालीतला वास दहा कार्बनच्या हलक्या रेणूंचा. साल दाबली की उडाला. पचौलीच्या तेलात सगळ्यांत जास्त असतो तो पचौलॉल, साधारण तीस ते चाळीस टक्के. त्याचा रेणू पंधरा कार्बनचा, चांगला वजनदार. तो उठतो सावकाश, रेंगाळतो फार आणि आजूबाजूच्या हलक्या रेणूंनाही धरून ठेवतो. हातरुमालाला लागलेली पचौली दिवसेंदिवस जात नाही. कोटाला लागली तर धोब्यालाही दाद देत नाही. मालक जिला तळाचा माल म्हणाला तिचं काम हेच. वरच्या गुलाबाला, संत्र्याला, मोगऱ्याला जरा वेळ बसवून ठेवायचं. स्वयंपाकात हिंग जे करतो तेच. हिंग नुसता खाऊन कुणी वा म्हटलेलं नाही आणि हिंग नसलेल्या वरणाला काय झालंय ते पटकन कुणाला सांगता आलेलं नाही.

मालकाने फाया बुडवला. निपटला नाही. माझ्या मनगटावर घसघशीत रेघ ओढली, मग दुसऱ्या मनगटावर, मग ‘मेहमान हैं’ म्हणून कानामागे, आणि उरलेला फाया कानाच्या पाळीत खोचून दिला. बनारसी आतिथ्याला नाही म्हणायची सोय नसते. ‘घिसिए मत,’ तो म्हणाला, ‘बैठने दीजिए।’

सुरुवातीला कापराची थंड धार. मग ओलसर माती, तळघर, जुनं लाकूड. हा भाग सगळ्यांना आवडेल असं नाही. सुगंधापेक्षा हवामान म्हणावं असा आहे. पण अर्धा तास गेला, की माती सुकते, कापूर निवतो आणि खालून एक कडसर गोड, कोकोच्या वळणाचा ऊबदार वास वर येतो. पचौलीचं देखणेपण या दुसऱ्या अंकात आहे. पहिल्या अंकाला उठून गेलेल्यांनी तिच्याविषयी मत देऊ नये. आणि तिची सगळी बदनामी पहिल्या अंकाला उठून गेलेल्यांनीच केलेली आहे.

त्या बदनामीचा इतिहास गमतीदार आहे. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शालींचं वेड युरोपला लागलं. नेपोलियनची जोसेफिन त्या वेडातली अग्रणी. या शाली बोटीने जाताना कसर लागू नये म्हणून घड्यांमध्ये पचौलीची वाळकी पानं घालत. कसरीला तो वास सहन होत नाही. महिनोन् महिने त्या पानांच्या संगतीत राहून शाली पचौलीने भारून जात. फ्रान्समधल्या आणि स्कॉटलंडच्या पेस्लीमधल्या गिरण्यांनी शालींची नक्कल सुरू केली, नक्षी उचलली, रंग उचलले. पण गिऱ्हाईक शाल नाकाशी नेई आणि परत ठेवी. वास नाही म्हणजे माल हिंदुस्तानी नाही. शेवटी तिकडच्या व्यापाऱ्यांना त्या वासाचा उगम सापडला आणि त्यांनी पानंच आयात करून नकली शालींत घातली, असं सांगतात. शालजोडीतले द्यायची कला आपली, पण शालजोडीतला वास विकायची कला त्यांची.

या ठिकाणी मराठी वाचकाला आपला शालू आठवल्यावाचून राहणार नाही. बनारसच्या मदनपुऱ्यात आणि अलईपुऱ्यात विणलेला, कुंजगलीतल्या गादीवर घासाघीस करून घेतलेला तो भरजरी शालू. बनारसी वस्त्राला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण मराठी घरात त्याला मान त्याच्या किती तरी आधीपासून आहे. तो एकदा नेसायचा आणि मग जन्मभर जपायचा. आणि जपायचा कसा? तर डांबरगोळ्या घालून. पुढे भाचीच्या, पुतणीच्या लग्नात तो बाहेर निघतो, तेव्हा मंगलाष्टकांपासून विहिणींच्या पंगतीपर्यंत डांबरगोळ्यांचा जो घमघमाट सुटतो, त्यापुढे अत्तरदाणी हात टेकते. आपल्या आज्या-पणज्या कपड्यांत वाळा ठेवीत, कापूरकाचरी ठेवीत, दवणा ठेवीत. कसरही पळे आणि ट्रंक उघडली की बरं वाटे. पचौलीच्या पानाचं कामही तेच होतं. रसायनाची पांढरी गोळी आली आणि एक उपयुक्त सुगंध आपण एका निरुपयोगी दुर्गंधाला बदलून दिला. स्वस्त पडतं म्हणे.

तर युरोपात पचौलीचा दरवाजा शालीने उघडला. आधी ती खानदानीपणाची खूण होती. मग ती सगळ्यांना मिळू लागली, आणि सगळ्यांना मिळणारी वस्तू खानदानी राहत नाही. शिवाय तिचा वास दांडगा. सभ्य बाईने जवळ आल्यावर जाणवावं, गल्लीच्या तोंडाशी नव्हे, असा तेव्हाचा दंडक. होता होता पचौली ही नटव्यांची, रंगेल बायकांची निशाणी ठरली. बनारसला हे प्रकरण चांगलं समजेल. चौकालगतच दालमंडी आहे. आज तिथे दुकानांची आणि माणसांची इतकी दाटी असते, की या गल्लीच्या माडीवर एके काळी ठुमरी-दादऱ्याच्या मैफिली चालत, हे सांगावं लागतं. तिथल्या गाण्याला पुढे आकाशवाणीने मान दिला, अकादमीने मान दिला, आणि ज्यांनी नाकं मुरडली त्यांच्याच नातवंडांनी ती ठुमरी शिकायला क्लास लावले. सुगंधाचंही तेच होतं. ज्याने लावला त्याची अब्रू सुगंधाला चिकटते. वास तोच असतो.

पचौलीची अब्रू दुसऱ्यांदा गेली ती याच गावाच्या साक्षीने. डिसेंबर १९६२ मध्ये अ‍ॅलन गिन्सबर्ग हा अमेरिकन कवी बनारसला आला आणि दशाश्वमेधाजवळ खोली घेऊन पुढचे काही महिने राहिला. त्या मुक्कामाची टिपणं १९७० साली ‘इंडियन जर्नल्स’ या पुस्तकात आली. त्याच्या मागोमाग, साठचं दशक संपता संपता, हिप्पींची रांग लागली. युरोपातून बसने, मोटारीने, मिळेल त्याने तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून मंडळी गंगेच्या घाटावर येऊन टेकत. केस वाढलेले, गळ्यात माळा, अंगावर झब्बा आणि त्या सगळ्यावर पचौलीचं तेल. शांती, प्रेम आणि पचौली. या तेलाने गांजाचा वास लपतो असा त्यांच्यात समज होता. बनारसमध्ये त्याची गरज नव्हती. जिथे भांग सरकारमान्य ठेल्यावर मिळते आणि गांजा साधूंच्या चिलमीतून उघड निघतो, तिथे लपवायचं कुणापासून? पण लंडन-कॅलिफोर्नियात परत गेल्यावर त्यांनी ती सवय चालू ठेवली आणि तिकडच्या एका अख्ख्या पिढीच्या मनात पचौली म्हणजे अंघोळ न केलेला माणूस हे समीकरण पक्कं बसलं. गंगेच्या काठी राहून, जिथे माघाच्या थंडीतही लोक पहाटे बुडी मारतात, तिथून हा वारसा नेणं, ही थोर गोष्ट आहे. १९८९ साली मॅडोना या गायिकेने ‘लाइक अ प्रेअर’ ही ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा पहिल्या प्रतींना पचौलीचा वास दिलेला होता. प्रार्थनेला आणि थोडा आगाऊपणा करायला एकच तेल पुरलं.

या काळात बनारसने मात्र पचौलीचं काय केलं? काही नाही; पानात घातली. म्हणजे पानाच्या जर्द्यात. बनारसी जर्दा नुसता तंबाखू नसतो. त्याला केवडा असतो, वेलची असते, केशर असतं आणि हे सगळे वास तंबाखूवर टिकून राहावेत म्हणून तळाला जड तेलं असतात, त्यांत आपली पचौली. पानवाल्याला तिचं नाव माहीत असायचं कारण नाही. खाणाऱ्यालाही नसतं, त्याने मान वर करून, ओठ सांभाळत, जगातल्या कुठल्याही प्रश्नावर ‘हूं’ म्हणायचं एवढंच. बनारसी पानालाही २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तंबाखूची बाजू मी घेणार नाही, ती वाईटच. पण एक नोंद करावीशी वाटते. पश्चिमेकडे ज्या तेलाने दोनदा स्वतःची शोभा करून घेतली, ते इथे अगरबत्तीत, जर्द्यात, हिन्यात चिमटी-चिमटीने पडून होतं आणि त्याच्याविरुद्ध कुणाची तक्रार नव्हती. कारण ते जाणवत नव्हतं, फक्त होतं.

हीच गोष्ट युरोपातल्या मोठ्या सुगंधकारांनीही ओळखली, आणि पहिल्यांदा तर हिप्पींच्या कितीतरी आधी. १९१७ साली फ्रांस्वा कोती याने ‘शीप्र’ आणला. शेवाळ, राळ, बर्गमॉट संत्रं आणि तळाला पचौली अशी त्याची मांडणी. त्यावरून सुगंधांचं एक घराणंच निघालं. १९४७ चा ‘मिस दिओर’ त्याच घराण्यातला. १९९२ मध्ये थिएरी म्युग्लरच्या ‘एंजल’ने पचौलीवर साखरेच्या पाकाचा वास चढवला आणि मोजमापाला रजा दिली; तो एकतर प्राणप्रिय होतो नाहीतर लिफ्टमधून उतरायला लावतो. पुढे पचौलीच्या तेलातला मातकट, कापरी भाग ऊर्ध्वपातनानेच वेगळा काढून फक्त गाभा वापरायची युक्ती रुळली, आणि २००१ च्या ‘कोको मादमोझेल’मध्ये पचौली इतकी धुऊनपुसून आली की जुन्या हिप्पींना ओळख पटली नसती. २००७ मध्ये त्याच शनेल घराण्याने ‘कोरोमांडेल’ काढला. देखणी पचौली म्हणजे काय हे दाखवायला हे उदाहरण पुरेसं आहे: माती आहे पण पायाला लागत नाही, गोडवा आहे पण चिकटत नाही. त्याचं नाव कोको शनेलच्या घरातल्या लाखकाम केलेल्या पडद्यांवरून आलं. पडदे चीनचे, ते ज्या वाटेने युरोपला जात तो किनारा आपल्या तमिळनाडू-आंध्रचा, बाटली फ्रान्सची आणि किंमत कुठल्या ग्रहावरची ते दुकानदारालाच माहीत.

कानात फाया खोचून मी त्या दिवशी ब्रह्माघाटाकडे निघालो. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा हा सगळा भाग मराठी वळणाचा आहे. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी अठराव्या शतकात इथले काही घाट बांधले; औंधच्या पंतप्रतिनिधींनी बिंदुमाधवाचं आजचं देऊळ उभं केलं. पेशवाईतली माणसं काशीवासाला आली ती इथे राहिली, आणि त्यांच्या वंशजांच्या घरांत अजून पुरणपोळी होते, गणपती बसतो आणि मराठी बोललं जातं, बोलता बोलता ‘अरे भैया’ मध्येच आलं तरी. तिथल्या एका वाड्यात नात्यातल्या एक काकू राहतात. चौक, चौकात तुळस, वर सज्जा आणि सज्ज्यात काकू.

मी जिना चढायच्या आत वरून आवाज आला, ‘कोण आहे रे? सगळं दुकान घेऊन आलास का?’

मी वर गेलो. काकूंनी आधी खिडकी उघडली, मग मला बस म्हटलं.

‘पचौली आहे, काकू.’

‘ते कळलं. मला सांग, गंध कुणासाठी लावायचा असतो?’

‘आपल्यासाठी. थोडा लोकांसाठी.’

‘उलटं. जो जवळ येईल त्याच्यासाठी. लांबच्याला उदबत्ती पुरते.’ मग त्यांनी माझ्या कानातला फाया काढून घेतला, वाटीतल्या चमचाभर खोबरेल तेलात बुडवला आणि वाटी देवघराच्या फळीवर ठेवली. ‘आता हे आठवडाभर होईल बघ. समोरच्याने म्हणावं, काहीतरी छान येतंय हं, कुठून येतंय? इतपत असावं. हा लावून आलाय असं म्हणाला, की संपलं.’

शनेलच्या सुगंधशाळेने तेलाचा गाभा वेगळा काढायला जी यंत्रं लावली, ती नसतानाही काकूंनी त्याच सिद्धांतावर काम केलं होतं. तासाभराने मनगटावरचा वास खरंच निवला होता. तोवर आम्ही चहा प्यायलो, सज्ज्यातून नावा पाहिल्या आणि पुण्यातली कोण कोण गेली याची उजळणी केली. त्या गप्पांच्या मागे कुठेतरी कोकोचा, जुन्या लाकडाचा, कोरड्या मातीचा एक सुखद वास येत होता. काकू मध्येच म्हणाल्या, ‘आता बरं आहे हो.’ काशीत राहून सगळे वास सोसलेल्या नाकाने दिलेली ही पावती मी कुठल्याही समीक्षकापेक्षा वरची धरतो.

तेव्हा माझा निकाल असा. पचौली ही मुळात ना खानदानी, ना उठवळ. तिच्यावर हौसेने ओतलेल्या मापाने तिला दोनदा खाली आणलं आणि हात आखडणाऱ्यांनी तिला पुन्हा वर नेलं. देखणेपण म्हणून जे आपण तिच्यात शोधतो, ते निम्मं पानात असतं आणि निम्मं लावणाऱ्याच्या हातात. मोगरा थोडा जास्त झाला तरी माणसं खपवून घेतात. पचौली खपवून घेत नाहीत, आणि म्हणून ती लावणाऱ्याची खरी परीक्षा आहे. मराठी मांडवातली काटकसर या परीक्षेत पहिल्या नंबराने उत्तीर्ण होते, हे अभिमानाने सांगण्यासारखं आहे; आपल्या काटकसरीबद्दल अभिमानाने सांगावं असं इतर फार काही नाही.

बनारसला गेलात तर घ्या. चौकातल्या गल्लीत मिळेल. अत्तर तोळ्यावर मिळतं. तुम्ही अर्धा तोळाच मागा. दुकानात लगेच मत देऊ नका, हाताला लावून घाटावर एक फेरी मारून या आणि मग ठरवा. लग्नाकार्याला लावा, थंडीत लावा, रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात लावू नका. त्या डब्यात आधीच सहा जणांची पुरी-भाजी उघडलेली असते. आणि बाटली संपवायची घाई करू नका. घट्ट बुचाची, गडद काचेची कुपी घेऊन अंधारात ठेवा. चांगलं तेल वर्षागणिक सुधारत जातं आणि लेकीला देताना तुम्ही घेतलं त्यापेक्षा सरस झालेलं असतं. फक्त ती कुपी शालूच्या कपाटात ठेवणार असाल, तर आधी डांबरगोळ्या बाहेर काढा.